कानामागचा मोगरा

मोगऱ्याचा वास कुणालाही आवडतो असं लोक सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. मोगरा काही एकच वास नाही. गजरा माळला की तो एक असतो, संध्याकाळ उतरली की दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी उशीवर चुरगळलेला सापडतो तेव्हा तिसराच. तपकिरी पडलेल्या कळ्या, केसातलं तेल आणि किंचित कुजकट, गोड असं काहीतरी. हा तिसरा वास आवडतो म्हणणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. मला मात्र तोच सगळ्यात ओळखीचा होता, कारण आमच्याकडं गजरा शनिवारी यायचा आणि रविवारी जरा उशिरा उठलं तरी चालायचं.

गजरा आणायचे ते आमचे हे. ढोकीच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात ते कारकून होते. धाराशिवहून एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. शनिवारी स्टँडबाहेर बसणाऱ्या गजरेवालीकडून पानात बांधलेली पुडी घ्यायचे आणि शर्टाच्या खिशात घालून घरी आणायचे. गळिताच्या दिवसांत त्यांच्या कपड्यांना मळीचा आंबूस वास असायचा. मार्च-एप्रिलात गळीत संपत आलेलं आणि मोगरा नुकता सुरू झालेला, त्यामुळं मोसमातल्या पहिल्या गजऱ्यांना मळीचा वास लागलेला असे. मी नाक मुरडायचे. "उसाच्या मोळीत बांधून आणलात की काय?" म्हणायचे. ते म्हणायचे, "नको असेल तर आईच्या देवाला वाहू." मी देवाला काही दिला नाही.

एका दुपारी ऑफिसातच त्यांच्या छातीत दुखलं आणि गाडी धाराशिवला पोचायच्या आत सगळं आटोपलं. त्याला आता काही वर्षं झाली. ते गेल्यावर मी टिकली काढली नाही, फक्त लहान केली. शाळेतल्या बाईला तेवढी मोकळीक लोक देतात. हल्ली गावोगाव ठराव होतात, विधवांच्या जुन्या प्रथा बंद म्हणून. चांगलंच आहे. पण ठराव करणारं कुणी शनिवारी गजरा घेऊन घरी येत नाही. गजरा सोड असं मला एका शब्दानं कुणी म्हणालं नव्हतं. आणणारं माणूस गेलं, आणि आपल्या हातानं गजरा घेऊन तो भर स्टँडवर माळायची माझी छाती झाली नाही. मग स्टँडवरून जाताना मी रस्त्याची पलीकडची बाजू धरायला लागले.

घरात आम्ही दोघी उरलो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या मूळच्या भूमकडच्या. भर तारुण्यात त्यांच्या कपाळाचं कुंकू गेलं आणि त्यांनी एकुलत्या एका मुलाला शेतात राबून वाढवलं. म्हातारपणी काचबिंदूनं त्यांची नजर गेली, पण कान आणि नाक असे तल्लख की दूध उतू जायच्या आधी मला हाक यायची. आम्हा दोघींत मोठं प्रेम होतं असं म्हणणं खोटं होईल. भांडण नव्हतं एवढंच. मुलगा गेल्यावर त्या माझ्याशी कमी बोलायला लागल्या, आणि मी तर मुळातच फटकळ, म्हणून मीही गप्पच राहिले.

मुलगी पुण्यात नोकरीला. माझ्या वाढदिवसाला तिनं कुरिअरनं एक बाटली पाठवली, हाताच्या मुठीत मावेल एवढी. "पांढऱ्या फुलांचा सेंट आहे, आई. तुला चालेल," फोनवर म्हणाली. मी म्हटलं, या वयात कशाला? ती म्हणाली, मग ठेव कपाटात. मुलगीही माझ्यासारखीच फटकळ आहे.

कपाटात मी ती दोन आठवडे ठेवली असेल. मग एका रविवारी, आत्या दुपारच्या झोपल्या असताना, मनगटावर एकदा उडवून पाहिली. मी शाळेत विज्ञान शिकवते. काय होतं ते नीट बघत बसायची मला सवय आहे, म्हणून बघत बसले. पहिल्यांदा नाकात स्पिरिट चढलं. ते उडून गेल्यावर हिरवा वास आला. फुलाचा नव्हे, देठाचा. मिटलेली कळी नखानं खुडली की बोटाला लागतो तसला. मग अंगाच्या उबेनं तो उघडत गेला, आणि मोगऱ्यामागून निशिगंध आला. दोन्ही मिळून असे जड झाले की मला खिडकी उघडावीशी वाटली. त्यात पिकलेल्या केळ्याचा गोडवाही होता. हे चांगलं तासभर चाललं. नंतर मी भाजी निवडायला बसले आणि विसरून गेले. घाम आला म्हणून मनगट कपाळाला लावलं, आणि हात तिथंच थांबला.

तो रविवारचा, उशीवरचा वास होता. बाटली बनवणाऱ्यांनी तोही त्यात घातला होता. कसा घातला देव जाणे. मळी तेवढी नव्हती. मी जुडी तशीच टाकून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आत्यांचे कान फार तिखट होते.

संध्याकाळपर्यंत मनगटावर चंदनासारखं काहीतरी मवाळ राहिलं, आणि दिवेलागणीला तेही गेलं. मला हेच हवं होतं. गजरा लोकांना दिसतो, आणि उतरवला तरी कुठंतरी टाकावा लागतो. हा आपोआप यायचा आणि आपोआप जायचा. मी बाटली पर्समध्ये ठेवली. घरी लावायचा नाही, शाळेत पोचल्यावर लावायचा, म्हणजे घरी येईपर्यंत आत्यांच्या नाकाला सापडणार नाही, असं ठरवलं. त्यांनी काही बोलायचं राहू दे, त्यांना नुसतं कळलं असतं तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ज्या बाईनं तिशीही न गाठता सगळं सोडलं, तिच्यासमोर मी पन्नाशी ओलांडून दरवळत फिरायचं?

उन्हाळा लागला तसा वास टिकेना. धाराशिवचं ऊन म्हणजे विचारायला नको. परिपाठ संपेपर्यंत मनगट कोरडं. स्टाफरूममध्ये मी तक्रार केली, तर एक सहकारी बाई म्हणाल्या, "अहो, अंगावर कशाला लावता? पदरावर मारा. सुती कापड सोडत नाही." मी दुसऱ्याच दिवशी पदरावर मारला. खरोखरच टिकला. अंगावरचा मोगरा वाटचाल करतो, कापडावरचा एका जागी बसून राहतो, हे दुपारी माझ्या लक्षात आलं. पण जो बसून राहतो तो आपल्याबरोबर घरीही येतो, ही साधी गोष्ट मुलांना उष्णता शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नाही.

सकाळची शाळा होती. दुपारी घरी आले तेव्हा आत्या बाहेरच्या खोलीत बाजेवर बसल्या होत्या. मी चप्पल काढली, पदरानं मान पुसली आणि पंख्याखाली उभी राहिले. आत्यांची मान वर झाली.

"कोन आलंय ग तुज्यासंगं?"

"कुणी नाही, आत्या."

"हाय की. मोगऱ्याचा वास येतोय."

आत्यांच्या लेखी दारातून मोगरा आत आला याचा अर्थ एकच, कुणी सवाष्ण आली. आम्हा दोघींपैकी कुणाचा तो वास असेल, हे त्यांच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी पाय खाली सोडले, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेकडं तोंड करून बोलायला लागल्या.

"बस बाई, टेक. ही काय लवकर बोलायची न्हाय. शाळंत बोलून बोलून घरी येस्तवर संपतंय तिचं. पर मनाची लई चांगली हाय. माजं समदं हीच करती."

लग्न होऊन आल्यापासून आत्यांनी माझ्या तोंडावर माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी केलं, तेही मी नाही असं समजून. मी तशीच उभी राहिले.

"कुठली ग तू?" त्यांनी विचारलं. "मालक काय करत्यात तुजे?"

मला उत्तर येत होतं. ढोकीला कारखान्यात असतात, शनिवारी जरा लवकर येतात. अगदी ओठापर्यंत आलं होतं. म्हणावं आणि एक दुपारभर आपण ती पाहुणी होऊन बसावं, असं मला वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

पाहुणी लाजते आहे असं समजून आत्यांनी आवाज खाली आणला आणि माझ्याकडं वळल्या. "अग, आपन दोगी बी अशा. पर दारात आलेली सवाष्ण तशीच धाडू नगं. घराला बरं न्हाय. शेजारनीला बोलीव, वटी भराय सांग. नारळ हाय का घरात?"

आमच्याकडं ही रीतच होती. पाहुणी आली की तिला हळदी-कुंकू लावायला आणि तिची ओटी भरायला शेजारची सून यायची, कारण घरात लावणारं कुणी उरलं नव्हतं. मी हलत नाही हे ओळखून आत्यांनी स्वतःच खिडकीतून हाक मारली. शेजारची सून पंचविशीची, मोठी तरतरीत पोरगी. हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारात आली, आणि पाहुणी कुठं म्हणून खोलीभर नजर फिरवली. मग तिनं श्वास घेतला. माझ्या पदराकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि उंबऱ्यातच थांबली.

आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

"आत्या, पाहुणी नाही कुणी. वास माझ्या पदराचा आहे."

आत्यांनी हात पुढं केला. मी जवळ जाऊन बाजेशेजारी खाली बसले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, भांगावरून मागं गेला, अंबाडा चाचपला, मानेपर्यंत उतरला. गजरा शोधत होत्या.

"माळलाय कुठं?"

"माळला नाही. सेंट आहे. पोरीनं पाठवलाय."

"म्हंजी डोक्यात काय न्हाय?"

"काही नाही."

"दिसत न्हाय व्हय कुनाला?"

"नाही दिसत."

त्यांचा हात माझ्या मानेवरच होता. मी शिव्या खायच्या तयारीत होते, आणि खरं सांगायचं तर उलट उत्तरही तयार ठेवलं होतं.

"आमच्या टायमाला असं काय नव्हतं," आत्या म्हणाल्या, आणि हात काढून घेतला.

शेजारच्या सुनेनं करंडा ओढणीखाली घेतला आणि ती आवाज न करता गेली. नंतर तिनं कधी या गोष्टीचा उल्लेख केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी घरातच लावायला लागले. थोडा त्यात राग होता. कळलंच आहे तर आता चोरी कशाची? काही दिवसांनी एका सकाळी मी डबा भरत असताना बाजेवरून आवाज आला, "आज कवळा लई येळ ऱ्हायलाय." मला आधी उमगलंच नाही. त्या वासाबद्दल बोलत होत्या. ढग आले होते, हवा गार होती, म्हणून तो लवकर उघडला नव्हता.

आत्यांनी त्याच्या तिन्ही अवस्थांना नावं दिली होती. देठाचा हिरवा वास म्हणजे कवळा. भरात आला की पिकला. आणि उशीवरचा तो, शिळा. सुट्टीच्या दिवशी मी घरभर वावरत असे आणि त्या बसल्या जागेवरून सांगत, "पिकला बग आता," किंवा "झाला शिळा, बारा वाजलं असत्याल." घड्याळ बघितलं तर फार चुकलेल्या नसत. शिळ्याला त्या नाक मुरडत नसत हे माझ्या लक्षात आलं. उलट तेव्हाच त्या मला काहीतरी निमित्तानं जवळ बोलवायच्या. सुई ओवून दे, नख कापून दे.

अशीच एकदा नखं कापत असताना मी म्हटलं, "लावू का तुम्हाला जरासा?" त्यांनी हात असा झटकन ओढला की कात्री माझ्याच बोटाला लागली.

"नगं. माजी सवय मोडलीया."

मग थोड्या वेळानं आपणहून सांगितलं. भूमला त्यांच्या शेतातल्या विहिरीवर मोगऱ्याचं झाड होतं, मालकानं लावलेलं. मालक गेल्यावर ते उपटून टाकायची कुणाला आठवण झाली नाही. ते दर उन्हाळ्यात फुलायचं.

"मग तुम्ही काय करायच्या?"

"फुलायच्या दिसात म्या तिकडचं पानी आनत नव्हते. गावाच्या खालच्या अंगाला दुसरी इहीर व्हती, तिथनं आनायचे. लांब व्हती. लोक म्हनायचे, ही बाई येडी हाय, घरची इहीर सोडून फिरतीया."

भूमचा उन्हाळा मला माहीत आहे. डोक्यावर घागर घेऊन खालच्या अंगापासून चढत येणारी तरुण बाई माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि स्टँडवर रस्त्याची बाजू बदलणारी मीही. मी त्यांचा हात पुन्हा हातात घेतला आणि राहिलेली नखं कापली.

दिवाळीनंतर आत्या खचल्या. दुखणं असं नव्हतं. खाणं तुटलं, बाजेवरून उठणं तुटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं.

"तुज्या त्या बाटलीत हाय का अजून?"

"आहे की. लावू?"

"आत्ता नगं. म्या गेल्यावर लाव. कानाच्या मागं, जरासा. तिथं दिसायचा न्हाय."

"मेल्यावर कशाला? आत्ता लावते ना," मी जरा जोरातच म्हणाले. मला रडू आलं की मी ओरडते.

"जित्तेपनी लावला तर लोकाचं सोड, मीच मला बोल लावीन. इतकी वर्सं सोडला, त्यो कशापायी सोडला मग? मेल्यावर कोन कुनाला बोलतंय."

"आणि मी लावते ते?"

"तू लाव की. तू तशी आलीस की घरात मानूस आल्यावानी वाटतंय." मग डोळे मिटून म्हणाल्या, "लावशील ना?"

मी हो म्हटलं. एवढंच त्यांनी माझ्याकडं कधी मागितलं होतं.

ऐन थंडीत, सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. भूमहून भावकीतली माणसं जीपनं आली. बायकांनी अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. हार सगळ्यांनाच घालतात, तसे झेंडूचे हार आणलेले होते. सवाष्ण गेली तर तिला हिरवं नेसवतात, कपाळभर मळवट भरतात, केसात फुलं माळतात. आत्यांना त्यातलं काही नव्हतं, आणि ते कुणाला खटकलंही नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन बोटांवर बाटली दाबली आणि बाहेर येऊन त्यांच्या उशाशी बसले. केस सारखे करते आहे असं दाखवत दोन्ही कानांमागं बोटं फिरवली. माझी भीती एकच होती, की कुणीतरी ओळखेल, आणि जन्मभर जपलेल्या त्यांच्या नावाला शेवटच्या घटकेला मी बट्टा लावीन.

वास खोलीत पसरला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भूमची एक म्हातारी पुढं सरकली, आत्यांच्या तोंडाजवळ वाकली, आणि मागं होऊन तिनं हात जोडले.

"पुन्यवान बाई," ती म्हणाली. "अंगाला सुवास सुटलाय."

बाकीच्या बायकाही एकेक करून पुढं आल्या आणि पाया पडल्या. कुणी म्हणालं, तुळजापूरच्या आईनं पदरात घेतलं. दाराशी उभ्या असलेल्या शेजारच्या सुनेनं माझ्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली आणि तीही आत येऊन पाया पडली. मला हसू येत होतं आणि हुंदका आवरत नव्हता. आत्या असत्या तर म्हणाल्या असत्या, येड्या हायत समद्या.

पुरुषांना येऊन आत्यांना उचलायला चांगले दीड-दोन तास गेले. तेवढ्यात माझ्या बोटांवरचा वास उघडला होता आणि भरात येऊन जड झाला होता. तिरडीवर घ्यायच्या आधी मी शेवटची त्यांच्या कानाशी वाकले, तसाच तिथंही असेल म्हणून.

तिथं तो उघडलाच नव्हता. मोगऱ्याला पुढं जायला अंगाची ऊब लागते. माझ्या बोटांवर पिकलेला तो, आत्यांच्या कानामागं अजून कवळाच होता.